मुलांचे हात आणि मुलांची भाषा

दिवाळीपूर्वी आठ-दहा दिवस सायंकाळच्या वेळी पुण्यातील सदाशिव, नारायण किंवा कसबा अशा एखाद्या जुन्या पेठेतून फेरफटका मारला, तर वाड्यांच्या आणि हल्ली गृहसंस्थांच्या अंगणांत एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. पाच-सात मुले कोपरापर्यंत चिखलाने माखलेली आहेत. मध्यभागी दगड, विटा आणि जुनी पोती यांचा ढीग आहे. आणि त्या ढिगाचा लवकरच किल्ला व्हावयाचा आहे. जाणारा-येणारा तो ढीग पाहून पुढे जातो. आपण क्षणभर थांबून त्या मुलांचे बोलणे ऐकावे. "पोते अजून भिजव, नाहीतर माती धरणार नाही." "तटाला बाहेरून उतार दे, सरळ ठेवलास तर ढासळेल." "अळीव आजच पेरले पाहिजेत, दिवाळीपर्यंत हिरवे दिसायला हवे." आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या तोंडी ही वाक्ये सहज येतात. त्यांत आज्ञा आहे, अट आहे, कारण आहे, पुढील दिवसांचा अंदाज आहे. आणि एकही शब्द वायफळ नाही.

हीच मुले सुट्टी संपवून शाळेत आली, की त्यांस 'आमची दिवाळी' या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगावे. चाळीस वह्यांत चाळीस वेळा तेच! दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, आई फराळाचे करते, मला दिवाळी फार आवडते. किल्ल्याचा उल्लेख झालाच तर एका ओळीत. मी ३८ वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि वर्गात उभा राहिलो. यापलीकडे माझा काही अधिकार नाही. परंतु अंगणातील ते बोलणे शाळेच्या दारापाशी येऊन कोठे नाहीसे होते, हा प्रश्न मला नोकरीतील बहुतेक वर्षे छळीत राहिला. त्यासंबंधी मला जे उमगले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

हाताने शिकावे ही गोष्ट आपल्याकडे मुळीच नवी नाही. पंतोजींच्या शाळेत मुलाची पहिली ओळख होई ती धूळपाटीशी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची आणि तीत बोटाने अक्षर काढावयाचे. 'धुळाक्षरे गिरविणे' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. त्यामागची धूळ मात्र विसरलो. पुढे १९०७ साली रोम शहरात मारिया माँटेसरी यांनी बालगृह काढले आणि खरखरीत कागदाची अक्षरे मुलांच्या बोटांखाली दिली, तेव्हा सर्व जगाने कौतुक केले. दोहोंतील तत्त्व एकच आहे: अक्षराचे वळण डोळ्याआधी बोटास कळावे. मी स्वतः पहिलीच्या वर्गात चिंचोके मांडून अक्षरे करवीत असे. 'घ' आणि 'ध' यांत, किंवा 'भ' आणि 'म' यांत नित्य घोटाळा करणारी मुले चिंचोके मांडताना तो घोटाळा कमी करीत, कारण वळण कोठे वळते हे तेथे हातास ठरवावे लागते. (कित्येक हौशी शिक्षक या कामी गुंजा वापरतात. त्या दिसावयास सुंदर असल्या, तरी विषारी आहेत. लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.)

माँटेसरींची साधने महाग. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि पुढे १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्याच सुमारास त्यांच्या सोबतीस गेल्या. समुद्रकाठच्या त्या गावी दुकानातील मनोऱ्यांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी आणि पानांनी घेतली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांकरिता हेच कार्य चालले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा कुरणशाळा काढून शाळाच त्यांच्याकडे नेली. शहरातील किती शाळांस इतके चालणे जमले असते, देव जाणे.

दुसरा प्रवाह वर्ध्याचा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि तीमधून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती निघाली. मातृभाषेतून शिक्षण आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक उद्योग, अशी ती योजना होती. या शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये आपल्या पुण्यातच भरली होती. पुढे मूलोद्योग, समवाय, जीवनशिक्षण हे शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळले. खेडोपाडीच्या कित्येक शाळांच्या पाट्यांवर 'जीवन शिक्षण' ही अक्षरे अजून टिकून आहेत. आत मूलोद्योग मात्र राहिला नाही.

तो का राहिला नाही, याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. माझे मत एका टकळीवर उभे आहे. लहानपणी खेड्यातील शाळेत मीही टकळीवर सूत काढले. तास सुरू झाला की गुरुजी म्हणत, "तोंडावर बोट." अर्धा-पाऊण तास पन्नास टकळ्या फिरत आणि पन्नास तोंडे मिटलेली असत. सूत वारंवार का तुटते, पेळू कसा धरला असता बारीक धागा निघतो, यासंबंधी आम्हांस सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण ते विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. शेवटी लडी तपासली जाई. त्यानंतर भाषेचा तास येई, आणि त्यात टकळीवरची कविता पाठ करावयाची असे! यासच समवाय म्हणत. हात चालत होते आणि जीभही चालत होती. परंतु दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

आता मी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला फारसा अभिमान वाटत नाही.

१९८६ च्या सुमारास मी शहराच्या पश्चिमेकडील एका शाळेत तिसरीच्या वर्गास शिकवीत होतो. त्या बाजूस तेव्हा भराभर इमारती उठत होत्या, आणि त्या बांधण्याकरिता कर्नाटकाच्या उत्तर भागातून मजुरांची कुटुंबे येत. त्यांतील एक मुलगा माझ्या वर्गात होता. वडील गवंडी, घरात कन्नड. पहिल्याच आठवड्यात तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, मी पाटी आणलो." वर्ग हसला. खोटे कशास बोलू, मीही हसलो. त्यानंतर त्याच्या वहीतील प्रत्येक 'आणलो', 'केलो', 'लिहिलो' मी तांबड्या शाईने खोडीत गेलो. दिवाळीपर्यंत त्याने बोलणे सोडले, आणि वर्षाच्या अखेरीस मी त्यास भाषेत अनुत्तीर्ण केले. शेऱ्याच्या रकान्यात 'मंद' हा शब्द लिहिला. तेव्हा तसे करण्याची शिक्षकास मुभा होती.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा माझ्याच वर्गात आला. त्या वर्षी सुट्टीपूर्वी शाळेच्या पटांगणात मुलांनी किल्ला करावा असे मी ठरविले. भाषेचा वगैरे काही विचार माझ्या मनात नव्हता. सहामाही परीक्षा संपली होती आणि मुलांस गुंतवून ठेवावयाचे होते. तट दोनदा ढासळला. तिसऱ्या वेळी हा मुलगा मागून पुढे आला, गुळगुळीत गोटे त्याने काढून टाकले, मोठे दगड तळाशी बसविले, आणि वरच्या थरातील प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर येईल अशा रीतीने रचावयास लागला. मग सुतळीस एक खडा बांधून त्याने ती तटाशेजारी धरली. कोणी तरी विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "ओळंबा." आणि ओळंबा म्हणजे काय, तो कशास लागतो, तट तिरका झाला हे त्यावरून कसे ओळखावे, हे त्याने निम्म्या मराठीत आणि निम्म्या कन्नडात सांगितले. माती म्हणजे मण्णु आणि दगड म्हणजे कल्लु, हे माझ्या वर्गास त्या दिवशी कळले. लिंग-वचनाच्या चुका पूर्वीसारख्याच होत होत्या. पण कोणी हसले नाही. मुलांस तट उभा राहावयास हवा होता.

त्याच्या चुकीचे मर्म मला पुढे सोलापूरकडील एका सहकाऱ्याने उलगडून दाखविले. कन्नड भाषेत 'मी आणले' असे म्हणताना क्रियापद आणणाऱ्याप्रमाणे चालते. आणलेली वस्तू माती असो वा दगड, क्रियापदास तिचे सोयरसुतक नसते. शिवाय निर्जीव वस्तूंत हा पुल्लिंगी, ती स्त्रीलिंगी असा भेद त्या भाषेत नाही, सगळ्या नपुंसकलिंगीच. आपल्या मराठीत उलट प्रकार. 'मी आणतो' म्हणताना क्रियापद माझ्याप्रमाणे चालते, पण काम उरकले की ते मला सोडून त्या वस्तूच्या मागे लागते: मी दगड आणला, मी माती आणली, मी पाणी आणले, मी विटा आणल्या. हा कर्मणी प्रयोग. दगड 'तो' का, माती 'ती' का आणि पाणी 'ते' का, याचे उत्तर तुमच्या-माझ्यापाशी नाही. आपण ते आईच्या मांडीवर ऐकत आलो एवढेच. तात्पर्य, तो मुलगा मंद नव्हता. तो आपल्या आईच्या भाषेचा नियम माझ्या भाषेस लावीत होता, आणि अगदी बिनचूक लावीत होता.

हे कळल्यावर किल्ल्याच्या कामात मी एक लहानशी व्यवस्था केली. सामानाचे तीन ढीग केले. एकात दगड, कागद, चुना, दोरा. दुसऱ्यात माती, वाळू, काठी, सुतळी. तिसऱ्यात पाणी, गवत, पोते, घमेले. जो जे आणील त्याने ते ठेवताना मोठ्याने सांगावयाचे: "मी सुतळी आणली," "मी घमेले भरले." व्याकरणाचा शब्दही काढावयाचा नाही. एका सायंकाळी प्रत्येक मूल वीस-पंचवीस वेळा असे वाक्य बोले, आणि प्रत्येक वेळी ती वस्तू त्याच्या हातात असे. फळ्यावर रूपे लिहून एवढा सराव करविला असता, तर वर्ग झोपी गेला असता. माझ्या अस्सल पुणेरी मुलांसही यातून लाभ झालाच. 'पोते' की 'पोती', 'घमेले' की 'घमेली', हे त्यांचेही कच्चे होते.

चमत्कार घडला असे मात्र समजू नये. दहा दिवसांनी त्या मुलाची माती आणि वीट बिनचूक झाली. नवीन शब्द आला की पुन्हा 'लो' लागे. पण तो बोलू लागला. फेब्रुवारीत त्या इमारतीचे काम संपले आणि मंडळी दुसरीकडे गेली. शाळेचा दाखला न्यावयासही कोणी आले नाही. हजेरीपटात त्याच्या नावापुढे मी काही आठवडे गैरहजेरी मांडीत राहिलो, आणि शेवटी नाव कमी केले. त्याचे आधीचे एक वर्ष माझ्या अज्ञानापायी फुकट गेले, ते माझ्या खात्यावर आहे.

यानंतर मी या गोष्टीकडे जरा डोळसपणे पाहू लागलो. पुण्यासारख्या शहरात याकरिता साधनांची वाण नाही. चौथीच्या मुलांस मी एकदा बुरूड आळीत नेले. निघण्यापूर्वी वर्गात विचारले, बांबूच्या विणलेल्या भांड्यास काय म्हणतात? पुष्कळांनी सांगितले, 'बास्केट'. काहींनी सांगितले, 'टोपली'. परत आलो तेव्हा वह्यांत टोपली, पाटी, परडी, रोवळी, दुरडी, करंडी, हारा, कणगी, सूप, डालगे असे शब्द जमले होते. परडी फुलांची, करंडी आंब्यांची, डालगे कोंबड्यांचे, कणगी धान्याची. एका मुलीने विचारले, "रोवळीला फटी का ठेवल्यात?" कारागीर बाईंनी उत्तर न देता तिच्या हाती रोवळी दिली आणि तांब्याभर पाणी ओतले. तांदूळ धुताना पाणी निथळून जावे म्हणून! ती मुलगी हे आयुष्यात विसरणार नाही. सुपाची पाखडण्याची तऱ्हा पाहिल्यावर 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण समजावून सांगण्याचे कामच उरले नाही. त्यापूर्वी मी ती वर्षानुवर्षे अर्थ लिहून देऊन पाठ करवीत आलो होतो.

वर्गात येऊन जुन्या दिनदर्शिकेच्या पट्ट्या कापून मुलांनी स्वतः विणकाम केले. एक वरून, एक खालून. दुसऱ्या ओळीत नेमके उलट. ज्याची वीण चुकली, त्यास शेजाऱ्याने हात न लावता केवळ शब्दांनी चूक दाखवावयाची, असा नियम होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना यावे आणि स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी सूचना आहे. सूचना उत्तम आहे. परंतु सहावी म्हणजे फार उशीर, असे मला नम्रपणे वाटते. शब्द जिभेवर बसतात ते त्याच्या पुष्कळ आधी.

केवळ शब्दांनी काम करवून घेण्याच्या या नियमातून आमच्या वर्गात एक खेळ निघाला. दोन मुलांनी पाठीस पाठ लावून बसावे. प्रत्येकापाशी चौकोनी कागद. एकाने होडी करावी आणि करता करता दुसऱ्यास तोंडी सांगत जावे. दुसऱ्याने न पाहता तशीच करावी. पहिल्या दिवशी वर्गात एकही होडी होत नाही! "असं दुमड" या 'असं'ला पाठीमागे काही अर्थ उरत नाही, हे मुलांस तेव्हा कळते. मग ती शब्द शोधू लागतात. दुमड, उलगड, मुडप, उलट, पालथा कर. टोक टोकाला जुळव. कडेवर नख फिरव. तुझी उजवी बाजू, माझी नव्हे. आठवड्याभरात होड्या होऊ लागतात. नंतर तीच कृती कागदावर लिहून शेजारच्या वर्गास पाठवावयाची. तेथे होडी झाली तर लेखन उत्तीर्ण. न झाली तर कोणते वाक्य अपुरे, हे लिहिणारा स्वतःच हुडकून काढतो. निबंधास गुण देण्याची इतकी निःपक्षपाती रीत मला दुसरी ठाऊक नाही. खर्च म्हणाल तर रद्दी कागदाचा. टाकाऊ वस्तूंतून काय काय घडते, हे अरविंद गुप्ता यांनी पुण्यातच आयुकाच्या विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे. त्यांचा रोख विज्ञानाकडे, माझा भाषेकडे, इतकाच फरक.

हल्ली शाळांतून हस्तकामास पुष्कळ वाव आहे असे सांगतात, आणि ते खरेही आहे. कार्यानुभव आहे, प्रकल्प आहेत, प्रदर्शने आहेत. पण प्रकल्पाच्या आदल्या रात्री अप्पा बळवंत चौकात जी गर्दी होते, ती पालकांची. वडील आयते चित्रांचे तक्ते आणतात, आई ते सुबक कापून चिकटविते, मूल झोपलेले असते. सकाळी ती वस्तू शाळेत जाते आणि भिंतीवर लागते. मुलाच्या हातास त्यातून काही मिळत नाही आणि तोंडास तर नाहीच. वेडावाकडा, पण स्वतः केलेला पुठ्ठ्याचा डबा घेऊन आलेल्या मुलास "तो कसा केलास?" असे विचारून पाहा, ते पाच मिनिटे बोलेल. सुबक तक्त्यावाल्यास विचारा. ते तक्त्यावरील छापील ओळ वाचून दाखवील. हा दोष पालकांचा एकट्याचा नाही. प्रदर्शनात नीटनेटकेपणास बक्षीस आम्ही शिक्षकांनीच लावले.

दिवाळी आता फार दूर नाही. बाजारात हल्ली आयते किल्लेही मिळतात. ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात वा एखाद्या मोठ्या परातीत का होईना, पण मुलांस मातीचा किल्ला करू द्यावा, अशी माझी विनंती आहे. जवळ एक वही ठेवावी. आज काय आणले, काय रचले, काय ढासळले आणि का, हे रोज चार ओळींत मुलाने लिहावे. ज्यास लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि वडीलधाऱ्यांनी त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. शेजारी परप्रांतातून आलेले एखादे कुटुंब असेल, तर त्यांच्या मुलांसही बोलवावे. आणि त्यांतील कोणी "मी पोता भिजवलो" असे म्हणाले, तर हसू नये, थांबवूही नये. "हो, तू पोते छान भिजवलेस, आता मी माती टाकली, तर तू ती थाप," असे म्हणून काम पुढे चालू ठेवावे.